पाचटाच्या कोळशानं विहिरीचं पाणी शुद्ध होईल का?

मळेकर | ११ मार्च, रात्री ९.२०

राम राम मंडळी.

शिरोळ तालुक्यात नदीकाठाला आमचा मळा आहे. ऊस, थोडी भाजी, चार जनावरं. राहायलाही मळ्यातच, त्यामुळे प्यायला विहीर. पंचगंगा इचलकरंजीवरून आमच्याकडे येते, तेव्हा उन्हाळ्यात नदीचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. विहीर नदीपासून दीडएकशे फुटांवर. एप्रिल-मेमध्ये पाण्याला पिवळट झाक येते आणि वास मारतो. आई उकळून, गाळून देते. आजवर चाललं. पण आता भावाचं सात महिन्यांचं बाळ घरात आहे, म्हणून डोक्यात किडा शिरलाय.

तोडणी संपली, पाचट रानात पडलंय. यंदा पेटवायचं नाही असं ठरवलंय. एका व्हिडिओत बघितलं की पाचटाचा कोळसा करून त्यातून पाणी सोडलं की सगळी घाण कोळशात अडकते. परवा २०० लिटरच्या जुन्या ड्रमला खाली भोकं पाडली, वरून पेटवलं आणि कोळसा काढला. ड्रमभर पाचटातून जेमतेम अडीच किलो निघाला.

आता प्रश्न. हा कोळसा बादलीत भरून विहिरीचं पाणी गाळलं तर प्यायला चालेल का? कुणी केलंय का?

---

तिरकस | ११ मार्च, रात्री ९.४१

व्हिडिओत शेवटी तो माणूस ते पाणी प्यायला का? कॅमेरा बंद व्हायच्या आधी, म्हणजे.

---

रानवेडी | ११ मार्च, रात्री १०.०५

पाचट न पेटवल्याबद्दल आधी तुमचं कौतुक, दादा.

कल्पना खुळी अजिबात नाही. शाळेत तीन मडक्यांची उतरंड काढलीच असेल सगळ्यांनी: वाळू, कोळसा, खडी. पाचटाच्या कोळशावरही आपल्याकडे काम झालंय. पुण्याच्या आरती संस्थेनं, डॉ. आनंद कर्व्यांच्या, रानातच पाचटाचा कोळसा करायची भट्टी बसवली होती. त्या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. तो कोळसा मात्र चुलीत जाळायच्या कांड्यांसाठी होता, पाण्यासाठी नाही. पाण्याचं इथले जाणकार सांगतील. जुनाकेमिस्ट काका, आहात का?

---

जुनाकेमिस्ट | १२ मार्च, सकाळी ६.३५

आहे. चहा झाला, आता लिहितो.

माझी पंचवीस वर्षं सांडपाण्यात गेली. शब्दशः. कापड प्रोसेसच्या सांडपाणी प्रकल्पांवर केमिस्ट होतो. मळेकर, तुमचा प्रश्न 'कुठला कोळसा' असा आहे. तो दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न असा की तुमच्या पाण्यात आहे काय? तुम्हाला ते ठाऊक नाही, मलाही नाही. पण तिकडे जायच्या आधी कोळसा म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढचं भांडण सोपं होईल.

स्पंजात पाणी शिरतं ते शोषण. भिंतीला पाल चिकटते ते अधिशोषण. कोळसा दुसऱ्या जातीचा. घाण त्याच्या 'आत' मुरत नाही, त्याच्या पृष्ठभागाला चिकटते. म्हणून पृष्ठभाग किती, यावर सगळा खेळ. बाजारात नारळाच्या करवंटीचा जो सक्रिय कार्बन मिळतो, त्याच्या एका ग्रॅममध्ये साधारण हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे दहा गुंठे. चिमूटभर काळ्या भुकटीत दहा गुंठे जमीन, घड्या घालघालून ठेवलेली. तुमच्या ड्रममधल्या कोळशात फार तर एक-दोन गुंठे निघतील, कदाचित तेवढेही नाहीत.

फरक का पडतो? लाकूडफाटा हवेशिवाय तापला की त्यातला ओलावा, वायू, डांबर निघून जातं आणि कार्बनचा सांगाडा उरतो. साडेतीनशे-चारशे अंशांवर थांबलात तर भोकं डांबरानं बुजलेलीच राहतात. सहाशे-सातशेच्या पुढे ती मोकळी होतात. कारखान्यात त्याच्याही पुढे जातात. आठशे-नऊशे अंशांवर वाफ सोडतात, ती वाफ कार्बनला कुरतडते आणि भोकांच्या आत भोकं पडतात. यालाच सक्रिय करणं म्हणतात. ड्रममध्ये हे होत नाही. शेवटी पाणी मारल्यावर थोडी वाफ होते, तिच्या भरवशावर राहू नका.

आणि एक. व्हिडिओवाले कोळसा आणि राख एकच समजतात. हवा जास्त लागली तर उरते ती राख, आणि राखेतून पाणी सोडलं तर पाणी बुळबुळीत होतं.

---

मळेकर | १२ मार्च, दुपारी १.१५

काका, बुळबुळीतच झालं होतं! काल रात्री गुपचूप एक तांब्या ओतून बघितला. पाणी काळं आलं, मग राखाडी, बोटांना साबणासारखं लागत होतं. पुतणीनं शाळेतून आणलेला पीएच कागद बुडवला तर हिरव्याच्या पुढे निळसर झाला. प्यायलो नाही.

---

जुनाकेमिस्ट | १२ मार्च, दुपारी २.५०

शाबास. न प्यायल्याबद्दल.

ते पोटॅश. उसाच्या पाचटात पोटॅश आणि सिलिका दोन्ही भरपूर. चार-पाच पाण्यांनी धुतल्यावर कमी होईल. दुसरी अडचण चुऱ्याची. पाचटाचा कोळसा हलका, पापुद्र्यासारखा, हाताळला की भुगा. बादलीत दोन दिवसांत चोंदेल. गाळायला टणक दाणा लागतो, रव्यापेक्षा जाड आणि साबुदाण्याहून बारीक. करवंटी, तुराट्या, वेडी बाभूळ यांचा कोळसा असा दाणा धरतो.

---

शाळाबाई | १२ मार्च, संध्याकाळी ७.३०

माझी मुलं दर वर्षी विज्ञान प्रदर्शनात कोळशाचं गाळणं करतात, म्हणून हा धागा आवडला. वरच्या वर्गाला सांगायला एक घरगुती प्रयोग आहे. मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या बुरशीवर देतात ते मिथिलीन ब्लू मिळतं, चाळीस-पन्नास रुपयांची बाटली. तीन बरण्यांत सारखं पाणी, सारखे दोन-दोन थेंब. एकीत काहीच नाही, एकीत चुलीतला कोळसा कुटून, एकीत बाजारचा सक्रिय कार्बन. हलवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी मुलांची तोंडं बघण्यासारखी असतात.

कपड्याच्या निळीची भुकटी घेऊ नका. ती पाण्यात विरघळतच नाही, नुसती तरंगते आणि तळाशी बसते. मी एकदा घेतली होती आणि कोळशानं रंग काढला म्हणून मुलांकडून टाळ्या वाजवून घेतल्या होत्या. अजून लाज वाटते.

---

भक्तिभाव | १३ मार्च, सकाळी ८.०२

हे सगळं आपल्या पूर्वजांना माहीत होतं. सुश्रुतानं पाणी कोळशातून गाळायला सांगितलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर संस्कृत श्लोकासकट आलं होतं.

---

रानवेडी | १३ मार्च, सकाळी ९.१८

सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात गोष्टींची यादी आहे हे खरं. कतक म्हणजे आपली निवळी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाची मुळं, कापड, मोती आणि मणी. कोळसा त्या यादीत नाही. निवळीचं बी मात्र खरोखर काम करतं. आमच्या आजोळी रांजणाच्या आतल्या बाजूला उगाळायचे, गाळ तळाशी बसायचा. जे आहे त्याचं कौतुक करायला काय हरकत आहे? नसलेलं कशाला चिकटवायचं?

---

तिरकस | १३ मार्च, सकाळी ९.२५

चिकटवणं नव्हे ताई, अधिशोषण.

---

जुनाकेमिस्ट | १३ मार्च, सकाळी १०.४०

कोळशाच्या या गुणाचा नोंदलेला इतिहास तसा अलीकडचा आहे. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लोविट्झ नावाच्या औषधनिर्मात्याला टार्टारिक आम्लाच्या द्रावणाचा तपकिरी रंग कोळशानं जातो हे दिसलं. मग साखरवाल्यांनी ते उचललं. उसाचा रस पांढरा करायला हाडांचा कोळसा. पहिल्या महायुद्धात विषारी वायू आले आणि मुखवट्यांत भरायला करवंट्यांचा कार्बन लागला. अमेरिकेत १९१८ साली लोकांकडून पीचच्या कोयी गोळा करून घेत होते. आज तुमच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये जी काळी कांडी असते ती त्या मुखवट्याचीच नात.

---

मळेकर | १६ मार्च, रात्री ८.४५

बाईंचा प्रयोग केला! बरण्या चार घेतल्या. १) नुसतं निळं पाणी. २) चुलीतला कोळसा. ३) माझा पाचटाचा, पाच पाण्यांनी धुतलेला. ४) कोल्हापुरातून आणलेला करवंटीचा सक्रिय कार्बन, पाव किलो.

सकाळी बघतो तर दोन नंबर जवळजवळ तसाच निळा. चार नंबर स्वच्छ. आणि तीन नंबर, आपला पाचटवाला, काचेसारखा! मी तर उडालोच. चुऱ्यामुळं तळाला काळा थर होता, पण वरचं पाणी एकदम नितळ. काका, तुमचे एक-दोन गुंठे पण कामाचे निघाले की.

बोटं मात्र निळी झाली आहेत ती जाईनात. आईला वाटलं शाई सांडली.

---

जुनाकेमिस्ट | १६ मार्च, रात्री ९.३०

मळेकर, तुमच्या आनंदावर विरजण घालतोय, राग मानू नका.

मिथिलीन ब्लू हा धनभारित रंग. तुमच्या कोळशाचा पृष्ठभाग पाण्यात ऋणभारित असतो. त्यामुळे हा रंग त्याला धावत जाऊन चिकटतो. शेंगांची टरफलं, केळीच्या साली, चहाचा चोथा, भुसा, काहीही जाळा आणि मिथिलीन ब्लू टाका, काढलाच समजा. म्हणूनच एमएस्सीच्या निम्म्या प्रोजेक्टांत हाच रंग असतो आणि शेवटी 'नव्व्याण्णव टक्के' येतात. मी तोंडी परीक्षेला बसायचो तेव्हा एकच विचारायचो: बाळांनो, हा रंग कुठल्या नदीत असतो?

इचलकरंजीत सुती कापड रंगतं ते रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी. ते ऋणभारित. रंगवताना मीठ पोतंपोतं टाकतात, आणि कापडाला न लागलेला रंग धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडतो. ऋण आणि ऋण एकमेकांना ढकलतात. तिथे तुमचा हिरो झोपतो.

घरीच बघा. जिलेबीत टाकायचा केशरी किंवा पिवळा खाण्याचा रंग घ्या. तोही ऋणभारित असतो. त्याच चार बरण्या परत लावा.

---

मळेकर | १८ मार्च, सकाळी ७.१०

लावल्या. चार नंबर, बाजारचा कार्बन, स्वच्छ. तीन नंबर तसाच पिवळा. एक नंबरशेजारी धरला तर फरक ओळखू येत नव्हता. तोच कोळसा, तेवढाच, तेवढाच वेळ.

काल रात्री जरा वाईट वाटलं. आज वाटतंय, बरं झालं.

---

शाळाबाई | १८ मार्च, सकाळी ७.५५

मळेकर दादा, हे मी यंदापासून दोन्ही रंगांनी करून घेणार. इतकी वर्षं मुलांना अर्धीच गोष्ट सांगत होते.

---

पऱ्हाटी | १८ मार्च, दुपारी १२.३०

यवतमाळ जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडे पऱ्हाटी, तुराट्या पाहिजे तितक्या. पण आमचा त्रास फ्लोराइडचा आहे. गावात तिशीतल्या माणसाचे दात पिवळे-तपकिरी, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकलेले. पऱ्हाटीच्या कोळशानं फ्लोराइड निघते का जी?

---

जुनाकेमिस्ट | १८ मार्च, दुपारी ३.२०

नाही. साध्या कोळशानं फ्लोराइड निघत नाही, सक्रिय कार्बननंही नाही म्हणावं इतपतच. कुणी विकायला आला तर दारातूनच परत पाठवा.

निघतं ते हाडांच्या कोळशानं. पण तिथे काम कार्बन करत नाही. हाडाच्या कोळशात बहुतांश कॅल्शियम फॉस्फेट असतं आणि फ्लोराइडला त्याची ओढ आहे. (दातांनाही ती त्याच कारणानं भोवते.) केनिया, टांझानियात असे फिल्टर वापरतात. आपल्याकडे हाडाचं पाणी कोण पिणार, हा प्रश्न येतो. त्याला मी शास्त्रानं उत्तर देऊ शकत नाही. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेनं काढलेलं नालगोंडा तंत्र आहे: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर ठरावीक मापात, ढवळून गाळ बसवायचा. गावपातळीवर जमतं, पण माप रोज नीट घालणारा माणूस लागतो. तो माणूसच मिळत नाही. मर्यादा लक्षात ठेवा: लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५.

---

पऱ्हाटी | १८ मार्च, संध्याकाळी ६.०५

स्पष्ट सांगितलं ते बरं केलं सर. मागच्या साली एक जण गावात येऊन 'कार्बनवाला' फिल्टर विकून गेला, सात घरांनी घेतला. सगळ्यांसमोर दोन ग्लासांत दोन सळया असलेलं यंत्र बुडवलं. आमचं पाणी गढूळ-हिरवं झालं, त्याच्या बाटलीतलं तसंच राहिलं. बाया घाबरल्या, पैसे देऊन मोकळ्या झाल्या.

---

तिरकस | १८ मार्च, संध्याकाळी ६.४०

एकदा न तिरकस होता सांगतो, कारण माझ्या सासऱ्यांनाही याच खेळानं गंडवलंय. त्या यंत्रात एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि जी घाण दिसते ती त्या सळईचीच. त्याच्या बाटलीत क्षार काढलेलं पाणी असतं, त्यातून वीजच वाहत नाही, मग रंग कुठून येणार? त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि मग यंत्र बुडवायला सांगा. सासऱ्यांच्या घरी मी टाकलं. त्याला एकदम दुसरीकडे जायचं आठवलं.

---

आल्प्सवाला | १८ मार्च, रात्री ११.५०

झुरिकजवळ राहतो, सांडपाण्याशी व्यवसायानं संबंध. इथली गोष्ट सांगतो.

स्वित्झर्लंडमध्ये २०१६ पासून कायदा आहे की ठरावीक मोठ्या सांडपाणी केंद्रांनी औषधांचे आणि रसायनांचे सूक्ष्म अंशही काढायचे, ठरवून दिलेल्या पदार्थांचे सरासरी ऐंशी टक्के. नेहमीच्या जैविक प्रक्रियेत ते सुटून जातात. मग काही केंद्रांनी ओझोन घेतला, काहींनी सक्रिय कार्बनची भुकटी. भुकटी घालायची किती? लिटरला १० ते २० मिलिग्रॅम. चिमटीतही येणार नाही इतकी. तेवढ्यानं डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक बरंचसं निघतं. हो, तेच डायक्लोफेनॅक, ज्यानं आपली गिधाडं संपवली आणि जनावरांसाठी ज्यावर २००६ साली भारतात बंदी आली.

गंमत अशी की हा कार्बन बराचसा दगडी कोळशाचा किंवा करवंटीचा, आणि येतो दूरदेशाहून. पाणी साफ करायला जहाजानं कोळसा आणायचा हे इथल्या लोकांना खटकतं, म्हणून इथल्याच लाकडाच्या टाकाऊ तुकड्यांपासून तो करता येईल का यावर खटपट चालू आहे. मळेकर, तुमचा ड्रम आणि इथली प्रयोगशाळा एकाच प्रश्नाच्या मागे आहेत.

---

रानवेडी | १९ मार्च, सकाळी ८.३०

याला जोडून. थायलंडच्या खेड्यांत कीटकनाशक-तणनाशकं काढायला घरगुती कोळशाचे फिल्टर लावलेत. त्या लोकांनी २-४-डी या तणनाशकावर वेगवेगळे कोळसे तपासले. पारंपरिक भट्टीतला कमी तापमानाचा कोळसा अगदीच लेचापेचा, आणि वरून पेटवलेल्या ड्रमचा जास्त तापलेला कोळसा कितीतरी सरस निघाला. म्हणजे मळेकरांची पद्धत बरोबर आहे, कच्चा माल चुकलाय. उसातही २-४-डी फवारतात, त्यामुळे आपल्या विहिरींना हे अगदी परकं नाही.

---

शंकासुर | १९ मार्च, सकाळी ११.००

भाताच्या तुसाच्या राखेचा फिल्टर होता ना टाटांचा? म्हणजे राखेनंही होतं की.

---

जुनाकेमिस्ट | १९ मार्च, दुपारी ४.१५

होता. पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात आधी 'सुजल' झाला, आणि त्या कामावरून २००९ च्या डिसेंबरात 'स्वच्छ' बाजारात आला. पण तिथली राख कार्बन म्हणून नाही, सिलिका म्हणून. तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, सच्छिद्र. ती गाळायचं काम करते आणि 'स्वच्छ'मध्ये तिच्यावर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवले होते, ते जंतू मारायला.

आता जंतूंचं सांगतोच, कारण मळेकरांसाठी महत्त्वाचं तेच आहे. कोळसा जंतू मारत नाही. उलट अन्न कोळशावर चिकटलेलं, ओल कायमची, अंधार. जंतूंना याहून चांगलं घर कुठे? आठवडाभर वापरलेल्या कोळशातून येणाऱ्या पाण्यात आत गेल्यापेक्षा जास्त जंतू निघू शकतात. इचलकरंजीची २०१२ ची काविळीची साथ तुमच्याकडे कुणी विसरलं नसेल. तो विषाणू कोळशाच्या बादलीतून आरामात पलीकडे जातो.

आणि क्रम. क्लोरीनचे थेंब कोळशाच्या *नंतर* टाकायचे. आधी टाकलेत तर कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो आणि तुम्ही निश्चिंत मनानं जंतू पिता. आमच्या कॉलनीच्या टाकीवर वर्षभर हेच चाललं होतं. ब्लीचिंगचा खर्च व्हायचा, नळाला क्लोरीन शून्य.

---

मळेकर | १९ मार्च, रात्री ९.००

काका, मग बादली करायचीच झाली तर केवढी? आणि पाणी किती वेगानं?

---

जुनाकेमिस्ट | २० मार्च, सकाळी ६.५०

हिशेब सोपा. पाणी कोळशाच्या थरात निदान दहा मिनिटं राहायला हवं. पाच लिटर कोळशाचा थर असेल तर तासाला ३० लिटरपेक्षा जास्त सोडू नका, म्हणजे दोन मिनिटांना एक लिटर. व्हिडिओत तोटी भसाभसा वाहते ना? तिथे पाणी कोळशाला नुसतं हाय म्हणून जातं. थर उभा आणि अरुंद ठेवा, पसरट घमेल्यात नको, नाहीतर पाणी एका कडेनं वाट काढतं. खाली खडी, वर बारीक वाळू, म्हणजे गढूळपणा आधीच अडेल.

पण बादली नंतर. आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत जातो. जंतूंसाठी निराळी निर्जंतुक बाटली मागा, तोंडाला बोट लावू नका. नायट्रेट लिहायला विसरू नका. ऊस, युरिया, गोठा, आणि विहीर शेजारी. मला त्याचीच धास्ती आहे.

---

मळेकर | ९ एप्रिल, रात्री ८.२०

रिपोर्ट आला. जरा उशीर झाला, पहिला नमुना बाटली गळकी म्हणून परत दिला होता.

टीडीएस ९८०. कठीणपणा ५२०. फ्लोराइड ०.६. नायट्रेट ६८. कोलिफॉर्म जंतू 'आढळले'.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "उकळतेय की मी." काका, आता काय?

---

जुनाकेमिस्ट | ९ एप्रिल, रात्री ८.५०

तातडीचं आधी. बाळाला हे पाणी देऊ नका. उकळूनही नाही. उकळल्यानं जंतू मरतात, तिथे आईंचं शंभर टक्के बरोबर. पण नायट्रेट उडून जात नाही, पाणी आटतं आणि नायट्रेट उलट दाट होतं. मर्यादा ४५, तिला सवलत नाही. सहा-आठ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात ऑक्सिजन वाहायची ताकद त्यानं कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. बाळाच्या डॉक्टरांना हा आकडा उद्याच सांगा. बाळाच्या दुधाला, पेजेला दुसऱ्या स्रोताचं पाणी आणा, त्याचाही रिपोर्ट बघून.

कोळशानं नायट्रेट निघत नाही. ना तुमच्या, ना बाजारच्या. तेही ऋणभारित आणि पाण्यात मजेत राहणारं. ते काढायला आरओ लागतो. कठीणपणा, टीडीएस, याही गोष्टी कोळशाच्या खात्यातल्या नाहीत. तुमच्या यादीतलं कोळशाच्या हातातलं एकच, उन्हाळ्यातला तो वास आणि पिवळी झाक.

---

सुईणआजी | १० एप्रिल, सकाळी ७.२५

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. काकांनी बाळाचं लिहिलं ते अक्षरन् अक्षर पाळा. अंगावरचं दूध चालू असेल तर ते चालू ठेवा, तेच उत्तम. आणि घरात कुणाला उगाच दोष देऊ नका, हे पाण्याकडे बघून कळत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही.

---

मळेकर | १० एप्रिल, रात्री १०.१५

डॉक्टरांना दाखवलं. बाळ ठणठणीत आहे, वहिनीचं दूध चालू आहे, वरच्या खाण्याला पाणी आता गावातल्या योजनेचं आणतो. रोज दोन कॅन, मोटरसायकलवर. त्याचा रिपोर्ट ग्रामपंचायतीत बघितला, नायट्रेट १९. आरओचं भावाशी बोलणं चाललंय. वाया जाणारं पाणी जनावरांना चालेल का तेही विचारायचंय.

खरं सांगू का, त्या व्हिडिओवर विसंबून बादली केली असती तर पाणी नितळ आलं असतं, वास गेला असता आणि आम्ही निर्धास्त होऊन तेच बाळाला पाजलं असतं. रात्री झोप लागली नाही.

---

रानवेडी | ११ एप्रिल, सकाळी ९.०५

दादा, मग आता ड्रमचं काय? फेकू नका तो.

कोळसा चांगलं काम करतो अशा जागा तुमच्या मळ्यातच आहेत. गोठ्यात गव्हाणीमागे मूत जिथे साचतं तिथे पाचटाचा कोळसा टाका. अमोनियाला तो धरतो (ओलीत अमोनिया धनभारित होतो, काका खूश), वास कमी होतो, आणि महिन्याभरानं तोच उचलून उकिरड्यात. म्हणजे मूत विहिरीकडे मुरायच्या ऐवजी थोडं तरी रानात जाईल. आणि मोरीचं पाणी परसात सोडत असाल तर वाटेत खडी-कोळशाचा खड्डा करा.

---

शंकासुर | ११ एप्रिल, सकाळी ९.४०

वापरलेला कोळसा शेतात घालायचा? मग अडकलेली घाणही शेतातच गेली की.

---

जुनाकेमिस्ट | ११ एप्रिल, दुपारी १२.१०

या वेळी शंका रास्त आहे. काय पकडलंय त्यावर ठरतं. गोठ्यातला अमोनिया, फॉस्फेट? खुशाल शेतात, ते खतच. रंग, कीटकनाशक, शिसं-कॅडमियमसारखे धातू पकडायला वापरला असेल तर शेतात अजिबात नाही. कारखान्यात असा कार्बन परत भट्टीत घालून ताजा करतात किंवा घातक कचऱ्यात जमा करतात. आमच्याकडे एकदा वापरलेल्या कार्बनची पोती कुंपणाबाहेर ठेवली होती, पावसात आठवडाभर लाल ओघळ वाहत होते. तो वास अजून नाकात आहे.

---

तिरकस | ११ एप्रिल, दुपारी १२.३०

म्हणजे कोळसा घाण संपवत नाही, फक्त तिची बदली करतो. सरकारी खातं आहे की काय?

---

मळेकर | २७ एप्रिल, रात्री ७.५०

गोठ्यात टाकला. चार-पाच दिवसांत वासात फरक जाणवला. आईनं आधी नाक मुरडलं होतं, आता तीच म्हणते अजून एक ड्रम लाव. काल करवंट्यांचा पण घाणा काढला, देवळातल्या नारळांच्या. चांगला खणखणीत दाणा निघाला, साबुदाण्याच्या चाळणीनं चाळला. आंघोळीच्या पाण्याला पिवळी झाक आली की त्याची बादली लावणार, काकांच्या हिशेबानं, दोन मिनिटांना एक लिटर.

विहिरीला कठडा आणि भोवती फरशी घालायचं काम पुढच्या आठवड्यात. उकिरडा पलीकडच्या बांधाला हलवला.

---

पऱ्हाटी | २८ एप्रिल, सकाळी १०.२०

दादा, ड्रमला भोकं किती आणि केवढी पाडली ते सांगा न. आमच्याकडे धूरच लई होते. आणि विझवायचं कधी, हे समजत नाही.

---

मळेकर | २८ एप्रिल, रात्री ९.१०

तळाला वीस-बावीस, करंगळी जाईल एवढी. झाकणाला मधोमध भोक पाडून वर तीन फुटांचं नळकांडं. पेटवायचं वरूनच, खालून पेटवलं की धूर होतो. ज्वाळा पिवळी असते तोवर वायू जळतोय. ती निळी, छोटी व्हायला लागली की कोळसाच जळायला लागला म्हणायचं. लगेच पाणी मारायचं, भरपूर, आणि तोंड बाजूला ठेवून, वाफ फार येते. पऱ्हाटीचे तुकडे वीतभर करून उभे भरा.

फोटो उद्या टाकतो. आत्ता लाईट गेलीय.